कोरियनमधले ‘मान’ आणि ‘बाक्के’: मराठीतून तिथे कसं पोचायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळ्यांना समजेल. मर्यादा दाखवायला, म्हणजे ‘एवढंच, याहून जास्त नाही’ असं सांगायला, कोरियनमध्ये तुम्हाला दोन पार्टिकल (शब्दाच्या मागे प्रत्ययासारखे चिकटणारे छोटे शब्द) शिकवले: ‘मान’ आणि ‘बाक्के’. वहीत दोन्हींपुढे अर्थ एकच लिहिलाय, ‘फक्त’. त्या भरवशावर तुम्ही तीन वाक्यं केलीत. ‘मी फक्त पाणी पितो’साठी ‘मुलबाक्के माशॉयो’, ‘माझ्याकडे हजारच वॉन आहेत’साठी ‘छॉन वॉनमान इस्सॉयो’ आणि ‘हे आजच संपवा’साठी ‘ओनुलमान क्कुन्नेसेयो’. तिन्हींवर लाल रेघ आली, आणि तिन्हींची कारणं वेगळी निघाली. हे असं का, हा तुमचा प्रश्न.

पहिलं वाक्य व्याकरणातच चुकलंय. ‘बाक्के’ आला की क्रियापद नकारार्थी हवंच. म्हणून एकतर ‘मुलमान माशॉयो’ म्हणा, नाहीतर ‘मुलबाक्के आन माशॉयो’. दुसरं वाक्य व्याकरणाला धरून आहे, पण खिशात पैसे कमी आहेत हे सांगणारा कोरियन माणूस ‘छॉन वॉनबाक्के ऑप्सॉयो’ असं म्हणेल. तिसऱ्यात घोळ कोरियनचा नाही, आपल्या ‘च’चा आहे. तिथे ‘मान’ लागतच नाही, ‘ओनुल क्कोक क्कुन्नेसेयो’ असं हवं.

हे नियम पाठ करून भागतं, पण चार दिवसांनी परत घोळ होतो. माझा अनुभव असा की मराठी माणसाने ‘फक्त’ हा शब्द मध्ये घालून कोरियनकडे जाऊ नये. आपली बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून आलेली, आणि इंग्रजीत या सगळ्याला मुळात एकच शब्द पुढे येतो, म्हणून वहीत तेच उतरतं. मराठीत मात्र ‘च’, ‘शिवाय… नाही’, ‘पलीकडे… नाही’ आणि ‘नुसता’ अशी वेगवेगळी हत्यारं आहेत. कोरियनची वाटणी बऱ्याच अंशी तशीच आहे. जिथे ती जुळते तिथे काम सोपं होतं. जिथे फारकत होते त्या जागा मात्र नीट ओळखून ठेवाव्या लागतात. उत्तर लांबेल ते त्या जागांमुळे.

उच्चाराबद्दल आधी दोन वाक्यं. इथे कोरियन शब्द ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिलेत. ‘ऑ’ आणि ‘ओ’ हे तिथे वेगळे स्वर आहेत, त्यांची गल्लत करू नका. शब्दाच्या सुरुवातीचे क, त, प, च स्वरांच्या मध्ये आले की ग, द, ब, ज असे ऐकू येतात, म्हणून एकटा म्हटला तर जो ‘पाक्के’ तोच नामाला चिकटल्यावर ‘बाक्के’ होतो.

आता ‘बाक्के’च घेऊ, कारण खरा गुंता त्याचा आहे. ‘पाक’ म्हणजे बाहेर, ‘ए’ म्हणजे आपला ‘त’ किंवा ‘ला’ असा स्थळ दाखवणारा प्रत्यय. दोन्ही मिळून ‘बाहेर’. या स्थळवाचक शब्दातूनच मर्यादेचा पार्टिकल तयार झाला. ‘मुलबाक्के आन माशॉयो’ म्हणजे पाण्याच्या बाहेरचं काही पीत नाही. मराठीत हे जसंच्या तसं आहे: ‘पाण्याशिवाय काही पीत नाही’, ‘दहा मिनिटांपलीकडे वेळ नाही’, ‘तुझ्यावाचून मला कोणी नाही’. हे शेवटचं कोरियनमध्ये ‘नॉबाक्के ऑप्सॉ’ होतं, आणि दोन्ही भाषांत ते तितकंच जिव्हाळ्याचं आहे. त्यामुळे ‘बाक्के’बरोबर नकार का लागतो हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागू नये. ‘मी पाण्याशिवाय पितो’ हे वाक्य तुमच्या कानाला जसं अर्धवट वाटतं, तसंच ‘मुलबाक्के माशॉयो’ कोरियन कानाला वाटतं.

नकार म्हणजे नेमकं काय, तेही पक्कं करा. ‘आन’ (करत नाही), ‘मोत्’ (करू शकत नाही), ‘ऑप्ता’ (नसणे), ‘मोरुदा’ (माहीत नसणे) आणि क्रियापदामागे येणारी ‘-जी आन्था’, ‘-जी मोथादा’ ही लांब रूपं. ‘ऑप्ता’ आणि ‘मोरुदा’ यांच्या पोटातच नकार आहे, तिथे वेगळा ‘आन’ लावायचा नाही. ‘कोङबुबाक्के मोल्लायो’ म्हणजे अभ्यासापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. पण नुसता अर्थ नकारात्मक असून चालत नाही. ‘शिल्ता’ म्हणजे न आवडणे, ‘ऑर्यॉप्ता’ म्हणजे अवघड असणे. यांच्याबरोबर ‘बाक्के’ बसत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि मला तो फार आवडतो. उत्तराची अपेक्षा नसलेला, नुसता ठासून सांगण्यासाठी केलेला प्रश्न असेल तर नकार गळतो: ‘नॉबाक्के तॉ इस्सॉ?’ मराठीत हुबेहूब असंच होतं, ‘तुझ्याशिवाय आहे कोण?’ तिथेही आपण ‘नाही’ म्हणत नाही, प्रश्नाचा सूरच ते काम करतो.

पण ‘शिवाय’ म्हटलं की प्रत्येक वेळी ‘बाक्के’ असं धरून चालू नका. मराठीतला ‘शिवाय’ तीन कामं करतो आणि कोरियनने ती तीन ठिकाणी वाटून दिली आहेत. ‘साखरेशिवाय चहा’ यात साखर नाही एवढंच सांगायचंय, तिथे ‘सॉल्थाङ ऑप्शी’ येतं. ‘मला मराठीशिवाय हिंदीही येते’ यात भर घालायची आहे, तिथे ‘माराथिऑ वेए हिंदिऑदो हेयो’. आणि ‘मला मराठीशिवाय काही येत नाही’ यात कुंपण घालायचंय, फक्त तिथेच ‘बाक्के’: ‘माराथिऑबाक्के मोथेयो’. ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात ‘काही’, ‘कोणी’, ‘कुठे’ घालून शेवटी ‘नाही’ म्हणता आलं, तर ‘बाक्के’ चालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा. ‘मान’सुद्धा नकारार्थी क्रियापदाबरोबर येऊ शकतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘बाक्के’च्या बरोबर उलटा होतो.

चाकण, रांजणगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्यांचं काम आहे, तिथे दुभाषी म्हणून जाणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. समजा वीस सुट्या भागांची मागणी होती. ‘पुफुम’ म्हणजे सुटा भाग, ‘तु गे’ म्हणजे दोन नग. कोरियन इंजिनिअर म्हणाला, ‘पुफुमी तु गेबाक्के आन वास्सॉयो.’ दोनच आले, अठरा यायचेत. तोच म्हणाला, ‘पुफुमी तु गेमान आन वास्सॉयो.’ दोनच आले नाहीत, अठरा आले. दोन्ही वाक्यांत ‘दोन’ आहे, ‘आले नाहीत’ आहे, फरक फक्त त्या पार्टिकलचा. ‘बाक्के’ने स्वतःसाठीच तो नकार मागवलेला असतो, त्यामुळे दोघांचा मिळून अर्थ होकारी होतो: दोन आले. ‘मान’ नकाराला हात लावत नाही. आधी ‘आले नाहीत’ हे विधान पूर्ण होतं आणि मग ‘मान’ सांगतो की ते फक्त या दोघांना लागू आहे. असंच ‘चॉमान आन गास्सॉयो’ म्हणजे सगळे गेले, मी तेवढी राहिले, आणि ‘चॉबाक्के आन गास्सॉयो’ म्हणजे माझ्याशिवाय कोणी गेलंच नाही.

तुम्हाला हे ऐकताना पटकन पकडता यायला हवं, आणि त्याचा एकच उपाय मला माहीत आहे. मनातल्या मनात ‘बाक्के’चं ‘शिवाय कोणी’ करायचं आणि ‘मान’चं ‘तेवढा’. ‘मिनसुमान आन वास्सॉयो’: मिनसू तेवढा आला नाही. ‘मिनसुबाक्के आन वास्सॉयो’: मिनसूशिवाय कोणी आलं नाही. ‘तेवढा’ हा शब्द इथे ‘फक्त’पेक्षा कितीतरी चोख काम देतो.

इथेच आणखी एक तिसरं वाक्य समोर ठेवते, कारण मराठीत ते याच्यात मिसळतं. ‘मी एकटीच गेले नाही’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात: बाकी सगळे गेले आणि मी राहिले, किंवा मी गेलेच पण माझ्याबरोबर इतरही होते. आपण ते सुरावरून ओळखतो. कोरियनमध्ये दुसऱ्या अर्थासाठी वेगळी रचना आहे, ‘चॉमान कान गे आनिएयो’, म्हणजे गेलेली मी एकटीच असं नव्हे. लांब नकार वापरलात, ‘चॉमान काजी आनास्सॉयो’, तर कोरियनमध्येही दोन्ही अर्थ निघू शकतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षं छोटा ‘आन’ आणि हा ‘गे आनिएयो’ एवढंच वापरा, संदिग्धता राहणार नाही.

दोघांत भावाचा फरक आहे, तो पुस्तकं ‘बाक्के म्हणजे निराशा’ असा सांगून मोकळी होतात. ते अपुरं आहे. ‘बाक्के’मध्ये एक अपेक्षा गृहीत असते आणि प्रत्यक्ष गोष्ट तिच्याहून कमी भरते. आता कमी भरणं वाईट की चांगलं, ते गोष्टीवर आहे. ‘शिगानी शिप्पुनबाक्के ऑप्सॉयो’, दहा मिनिटंच उरलीत, इथे घाई आहे. पण घर दाखवणारा एजंट म्हणतो, ‘यॉक्क्काजी ओ बुनबाक्के आन गॉल्ल्यॉयो’, स्टेशनला पाचच मिनिटं लागतात, तेव्हा तो त्या घराची भलामण करतोय. बाजारात विक्रेती म्हणते ‘मान वॉनबाक्के आन हेयो’, दहा हजारच वॉन की, तेव्हा ती स्वस्ताई सांगते. आणि ‘हानगुगे ओन जी सॉक्तालबाक्के आन द्वेस्सॉयो’, कोरियात येऊन तीनच महिने झालेत, हे वाक्य तुमचं कोरियन ऐकून कोणी कौतुक केलं तर नम्रपणे म्हणायला अगदी योग्य आहे.

‘मान’मध्ये ही अपेक्षा नसते. तो अनेकांतून एक निवडून बाजूला काढतो. म्हणूनच तुमचं ‘छॉन वॉनमान इस्सॉयो’ खटकलं. किती आहे, किती झालं, किती लागलं, असं परिमाण सांगताना ‘कमीच आहे’ हा सूर बहुतेक वेळा असतोच, आणि तो सूर ‘बाक्के’चा आहे. उलट मागताना ‘छॉन वॉनमान चुसेयो’ हे अगदी बरोबर, हजारच वॉन द्या.

परिमाणाच्या बाबतीत ‘बाक्के’चा जोडीदार ‘मान’ नव्हे, ‘इना’ आहे. ही जोडी एकत्र शिकलात तर दोन्ही पक्के होतात. ‘से शिगानिना चास्सॉयो’, चांगली तीन तास झोपले. ‘से शिगानबाक्के मोत् चास्सॉयो’, जेमतेम तीन तास झोप झाली. घड्याळातले तास तेच, बोलणाऱ्याची अपेक्षा वेगळी. आपल्याकडे ‘चांगली’, ‘तब्बल’ एका बाजूला आणि ‘जेमतेम’, ‘अवघे’ दुसऱ्या बाजूला हेच करतात. या वाक्यात ‘आन’ न घेता ‘मोत्’ घेतलाय तेही बघा. झोप कमी झाली ती इच्छेविरुद्ध, म्हणून ‘मोत्’. मराठीत ‘झोपले नाही’ आणि ‘झोप झाली नाही’ यात जो फरक, तोच.

‘बाक्के’ जिथे चालतच नाही अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे आज्ञा, विनंती, ‘चला करूया’ यांसारखी वाक्यं. ‘फक्त पाणी प्या’ याचं कोरियन ‘मुलमान माशिसेयो’ एवढंच. ‘मुलबाक्के माशिजी मासेयो’ असं कोणी म्हणत नाही. विनंतीत ‘मान’ आणखी एक छान काम करतो: मागणं लहान करून ठेवतो. ‘चामक्कानमान्यो’, एकच मिनिट हं. ‘चोगुममान किदार्यॉ जुसेयो’, जरासं थांबा. ‘हान बॉनमान प्वा जुसेयो’, एवढ्या वेळी सोडून द्या. ‘हानामान तॉ चुसेयो’, अजून एकच द्या ना. यातला ‘मान’ काढला तर वाक्य बिघडत नाही, पण उघडंबोडकं होतं, आदेशासारखं लागतं. कोरियात राहणाऱ्याच्या तोंडात हा ‘मान’ दिवसातून कितीदा येतो याची गणती नाही. ‘मान’चा सराव करायचा तर दुकानात, बसमध्ये, कार्यालयात या विनंत्यांनीच सुरुवात करा.

दुसरी जागा म्हणजे ‘आहे’ हे जोडक्रियापद. ‘मी विद्यार्थीच तर आहे’, ‘हा नुसता अंदाज आहे’ अशा वाक्यांत ‘बाक्के’ आणि ‘आनिदा’ यांची जोडी जमत नाही. तिथे तिसरा गडी येतो, ‘प्पुन’: ‘हाक्सेङिल प्पुनिएयो’. नामाला थेट लावला तर ‘नॉप्पुनिया’, तूच काय ती. यावरून पुढे ‘प्पुनमान आनिरा’, म्हणजे ‘इतकंच नव्हे तर’, हे निबंधाचं आवडतं साधन तयार होतं. ‘प्पुन’बद्दल याहून जास्त आत्ता नको, वाक्याच्या शेवटी ‘एवढंच’ म्हणून थांबायचं असेल तेव्हा तो आठवला म्हणजे पुरे.

आता ‘च’. ‘मान’ आपल्या ‘च’च्या जवळचा आहे. जागाही तीच: ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्या पाठीला चिकटून. ‘पाणीच’, ‘मुलमान’. पण मराठीचा ‘च’ दोन वेगळी कामं करतो, मर्यादा आणि जोर, आणि ‘मान’ यातलं पहिलंच करतो. ‘हे आजच संपवा’ यातला ‘च’ जोराचा आहे. उद्यावर ढकलू नका असं म्हणायचंय. बाकीच्या दिवशी संपवू नका असं नाही. ‘ओनुलमान’ म्हणजे फक्त आजचा दिवस, दुकानावर ‘आजच सवलत’ असं लावतात तो अर्थ. असंच ‘मी येणारच’ हे ‘क्कोक काल क्कॉयेयो’, ‘आत्ताच आले’ हे ‘पाङगुम वास्सॉयो’. ‘तूच केलंस ना?’ यात ‘मान’ नाही, कर्त्याचा साधा ‘गा’ पार्टिकल जोर देतो: ‘नेगा हेत्ची?’

यासाठी मात्र ‘फक्त’चा उपयोग करा, कसोटी म्हणून. ‘च’ काढून आधी ‘फक्त’ लावा. ‘फक्त आज संपवा’, अर्थ बदलला, म्हणजे ‘मान’ नको. ‘फक्त पाणी पितो’, अर्थ तोच राहिला, ‘मान’ चालेल.

प्रत्ययांच्या क्रमाचं गणित मराठी माणसाला पटकन कळतं. कर्ता-कर्माचे ‘इ/गा’, ‘उल/रुल’ आणि विषय दाखवणारा ‘उन/नुन’ हे ‘मान’ आल्यावर सहसा गळतात (लेखी भाषेत ‘मानी’, ‘मानुल’ असे मागून लागतातही). ‘बाक्के’नंतर कर्ता-कर्माचे हे पार्टिकल लागतच नाहीत. पण स्थळ, काळ, साधन दाखवणारे पार्टिकल टिकतात, आणि ‘मान’, ‘बाक्के’ त्यांच्या मागून येतात. ‘घरातच’ म्हणताना आपण आधी ‘त’ आणि मग ‘च’ लावतो, तसंच ‘चिबेसॉमान’. ‘बाक्के’त मात्र जपा, कारण ‘शिवाय’पुढे मराठी आपले प्रत्यय गाळते. ‘शनिवार-रविवारशिवाय भेटता येत नाही’ यात ‘ला’ कुठे दिसत नाही, पण कोरियनमध्ये ‘चुमारेबाक्के मोन मान्नायो’, वेळेचा ‘ए’ जागेवर आहे. ‘इथल्याशिवाय कुठे मिळत नाही’ हे ‘यॉगीसॉबाक्के मोत् सायो’.

एका ठिकाणी क्रम उलटा केला तर अर्थ फिरतो, आणि ही बारीक गोष्ट वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांनाही चकवते. साधनाचा ‘रो/उरो’ आणि ‘मान’. सोलमधल्या अनेक बसमध्ये आता रोख पैसे घेत नाहीत. त्या बसबद्दल तुम्ही म्हणाल, ‘खादुरोमान थाल स्सु इस्सॉयो’, कार्डानेच चढता येतं, रोकड चालणार नाही. आता एखाद्या पाहुण्याला वाटतंय की कार्ड दाखवायचं, शिवाय तिकीट काढायचं, ओळखपत्रही लागेल. त्याला तुम्ही सांगता, ‘खादुमानुरो थाल स्सु इस्सॉयो’, नुसत्या कार्डावर चढता येतं, आणखी काही लागत नाही. पहिल्या वाक्याने बाकीचे मार्ग बंद केले. दुसऱ्याने सांगितलं की हे एक पुरेसं आहे. मराठीत ‘कार्डानेच’ आणि ‘नुसत्या कार्डावर’. प्रत्यय आधी आणि ‘मान’ नंतर असेल तर ‘च’. ‘मान’ आधी चिकटला असेल तर ‘नुसत्या’. मराठी आपोआप हा भेद पाळते, तेव्हा हा मुद्दा इंग्रजीतून समजून घेण्याची खरंच गरज नाही.

क्रियापदाला मर्यादा घालायची तर त्याचं ‘गी’ लावून नाम करायचं, त्याला ‘मान’ जोडायचा आणि शेवटी ‘हादा’ आणायचा. ‘उलगीमान हेस्सॉयो’, नुसती रडत राहिली. ‘तुत्कीमान हासेयो’, नुसतं ऐका, बोलू नका. इथे मराठीचा ‘नुसता’ चपखल बसतो. ‘म्यॉन’ (तर, की) बरोबर ‘मान’ आला की ‘एवढं झालं की झालंच’ असा अर्थ येतो: ‘पीमान ओम्यॉन’, पाऊस पडला रे पडला की, ‘तोनमान इस्सुम्यॉन’, पैसे तेवढे असले की. ‘बाक्के’चं क्रियापदासाठी ठरलेलं रूप ‘-ल सुबाक्के ऑप्ता’. ‘काल स्सुबाक्के ऑप्सॉयो’, जाण्यावाचून गत्यंतर नाही. मराठीत हे जड वाटतं, कोरियनमध्ये रोजच्या बोलण्यात आहे. ‘असं बोलल्यावर राग येणारच ना’ हे ते लोक ‘रागावण्यावाचून मार्गच नाही’ अशाच वळणाने म्हणतात: ‘ह्वागा नाल स्सुबाक्के ऑप्चो’.

लिहिताना जागा सोडणं याबाबत ढिलाई नको. दक्षिण कोरियाची सध्याची शुद्धलेखन नियमावली, ‘हानगुल मात्छुमप्पॉप’, १९८८ साली जाहीर झाली आणि १९८९ पासून लागू आहे. तिचं ४१ वं कलम सांगतं की पार्टिकल आधीच्या शब्दाला जोडून लिहायचा, आणि त्याच्या उदाहरणांत ‘क्कोत्पाक्के’ (फुलाशिवाय) आणि ‘क्कोछुरोमान’ (फुलानेच) ही दोन्ही दिली आहेत. ४२ वं कलम म्हणतं, परावलंबी नामं (जी आधीच्या शब्दाच्या आधाराशिवाय एकटी येत नाहीत) सुटी लिहायची. या दोन कलमांच्या मध्ये आपले सगळे शब्द सापडतात. ‘चिप’ म्हणजे घर. त्याला ‘पाक्के’ जोडून लिहिलंत तर ‘घराशिवाय’, मध्ये जागा सोडलीत तर ‘घराबाहेर’. ‘काल त्तेगा चिप्पाक्के ऑप्सॉयो’, घराशिवाय जायला ठिकाण नाही, इथे जोडून. ‘मी घराबाहेर आहे’ इथे सुटं. ‘प्पुन’ नामानंतर जोडून, क्रियापदाच्या ‘-ल’ रूपानंतर सुटा.

‘मान’ची तर नावाची भावंडं बरीच. ‘सामन्यॉनमान’ जोडून लिहिलं तर तीनच वर्षं. ‘सामन्यॉन’ आणि मग सुटा ‘माने’ म्हणजे तीन वर्षांनी, तेवढा काळ लोटल्यावर. भेटल्यावर म्हणायचं ‘ओरेनमानिएयो’, खूप दिवसांनी भेटलो, त्यातला ‘मान’ हाच, मर्यादेचा नव्हे. दहा हजारही ‘मान’च, म्हणून ‘मान वॉनमान चुसेयो’ यात पहिला ‘मान’ आकडा आणि दुसरा ‘फक्त’. वय सांगताना पूर्ण झालेली वर्षं मोजतात त्या ‘मान नाई’तला ‘मान’ चिनी उगमाचा आणखी वेगळा. जून २०२३ पासून कोरियात कायदेशीर वय त्याच पद्धतीने धरलं जातं, त्यामुळे हल्ली हा शब्द फॉर्मवर वारंवार दिसतो. टोपिक ही कोरियन भाषेची प्रावीण्य परीक्षा देणार असाल तर पहिल्या भागात फक्त ऐकणं आणि वाचणं आहे, तिथे हे भेद ओळखता आले तरी भागेल. दुसऱ्या भागात ५१ ते ५४ हे लेखनाचे प्रश्न येतात, तिथे सुटं आणि जोडून हे स्वतःच्या हाताने बरोबर लिहायचं असतं.

आणि ऐकण्याबद्दल. ‘मान’ कोणाला चिकटला यावर आधीच्या शब्दाचा शेवट बदलतो, म्हणून ओळखीचा शब्द कानाला अनोळखी लागतो. ‘छेक’ म्हणजे पुस्तक, पण फक्त पुस्तक म्हणताना ‘छेङमान’. ‘पाप’ म्हणजे भात, फक्त भात ‘पाममान’. ‘ओत्’ म्हणजे कपडा, ‘ओनमान’. शाळेत शिकलेली अनुनासिक संधी आठवा: वाक् आणि मय मिळून वाङ्मय, षट् आणि मास मिळून षण्मास, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. वर्गातल्या कठोर व्यंजनापुढे अनुनासिक आलं की त्या व्यंजनाच्या जागी त्याच वर्गाचं अनुनासिक येतं. कोरियनमध्ये नियम हाच आहे, आणि तो जिवंत आहे, प्रत्येक बोलण्यात लागू होतो. वर ‘मोन मान्नायो’ लिहिलं, ‘मोत् मान्नायो’ नव्हे, तेही यामुळेच. ‘पाममान मॉगॉस्सॉयो’ ऐकलंत तर ते ‘फक्त भात खाल्ला’ की ‘फक्त चेस्टनट खाल्ले’ (त्या फळाला ‘पाम’ म्हणतात) हे उच्चारावरून कळणार नाही, संदर्भावरूनच ठरवावं लागेल. सरावासाठी घरातल्या वस्तूंची क, त, प यांवर संपणारी कोरियन नावं काढा, प्रत्येकाला मोठ्याने ‘मान’ लावा, आणि मग त्याच नावांना ‘बाक्के’ लावून ‘ऑप्सॉयो’ म्हणा. ‘छेक’चं एकदा ‘छेङमान’ होईल आणि एकदा ‘छेक्पाक्के’, कारण ‘बाक्के’चा ‘ब’ अनुनासिक नाही. तो आधीच्या कठोर व्यंजनाला धक्का न लावता स्वतःच दाबून उच्चारला जातो.